ताईच्या हातातली नळी

डोंगरातल्या त्या टाकीवर कामाला येण्याआधीच ताईचं निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या श्वासावर लक्ष ठेवण्यात गेलं होतं. वडील पाणबुडे होते. धरणाचे दरवाजे अडकले, जाळ्यांत लाकडं रुतली की त्यांना बोलावणं यायचं. ते पाण्याखाली गेले की त्यांच्या हवेची नळी वर काठावर ताईच्या हातात असायची. नळी ताणली की थोडी सोडायची, सैल पडली की गोळा करायची, आणि डोळे बुडबुड्यांवर. पुढे तीही खाली जायला लागली. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण बाबांनी कुणाला भीक घातली नाही. मग एकदा गढूळ पाण्यात घाईने उतरताना तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. कान बरा झाला खरा, पण डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा खोल गेलात तर हा कान विसरा." तेव्हापासून धाकट्या भावाने खाली जायचं आणि ताईने नळी धरायची, अशी वाटणी झाली.

भावाला सगळे बेडक्या म्हणत. लहानपणी त्याला पाण्यातून बाहेर काढता काढता आईच्या नाकी नऊ यायचे, तेव्हा पडलेलं नाव. चाळिशी उलटून पोट सुटलं तरी ते त्याला चिकटून होतं. ताईचा नवरा बस चालवायचा. कुणी बायकोबद्दल विचारलं की म्हणायचा, "तिचं माहेर पाण्यात. मी बापडा रस्त्यावर."

या भावंडांना डोंगराच्या पोटातून बोलावणं आलं, तेव्हा दोघांनाही वाटलं, एखादी खाण पाण्याने भरली असेल. निघाली ती वेगळीच गोष्ट. लांबलचक बोगदा, त्याच्या टोकाशी खडक कोरून केलेली प्रचंड टाकी, आणि टाकीच्या झाकणावर पत्र्याचा मजला. बूट बाहेर काढून, अंघोळ करून, पांढरे झगे चढवूनच तिथे पाऊल टाकायचं. मजल्याच्या मधोमध एक चौकोनी तोंड होतं. बेडक्याने त्यातून दिवा खाली धरला आणि पटकन मागे सरला.

"ताई, पाणी कुठाय?"

पाणी होतं, काठोकाठ होतं, पण इतकं स्वच्छ की दिसतच नव्हतं. भिंतींलगतच्या धातूच्या सांगाड्यावर तळापर्यंत भोपळ्याएवढाले काचेचे बल्ब ओळींनी बसवलेले होते. दिव्याच्या उजेडात ते सोनेरी चमकत होते. आयुष्यभर हातभर अंतरावरचंही न दिसणाऱ्या चिखलात काम केलेल्या माणसाला थेट तळ दिसल्यावर घेरी आली.

"हे बल्ब उजेड देत नाहीत, बघतात," मागून कुणीतरी म्हणालं. ते प्रयोगाचे प्रमुख होते. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. निवृत्तीला आलेले, अंगाने काटकुळे आणि आवाजाने इतके हळू की ताईला उजवा कान त्यांच्याकडे करावा लागे.

"मग तुम्ही इथे पकडता काय?" बेडक्याने विचारलं.

"पकडत नाही, वाट बघतो." सर खाली उकिडवे बसले. "आभाळातून आपल्यावर सतत कणांचा मारा होत असतो. वैश्विक किरण म्हणतात त्यांना. त्यातल्या काहींच्या अंगात एवढा जोर असतो की माणसाच्या कुठल्याही यंत्राला तो देता येत नाही. हे कोण फेकतं, कुठून फेकतं, शंभराहून जास्त वर्षं झाली तरी नीट कळलेलं नाही. कारण वाटेत चुंबकाची ओढ असते, ती त्यांना वळवत राहते. इथे पोचल्यावर ते ज्या दिशेने येताना दिसतात, तिला काही अर्थच नसतो."

"मग कळणार कसं?"

"त्यांच्याबरोबर जन्मलेल्या दुसऱ्याला विचारून. न्यूट्रिनो. तो कुणाला जुमानत नाही. चुंबकाला नाही, ताऱ्यांना नाही, सबंध पृथ्वी आडवी आली तरी तिलाही नाही. नाकासमोर सरळ येतो आणि सरळ निघून जातो. कोट्यवधींतला एखादाच कुठे आपटला तर पाण्यात निळसर प्रकाश पडतो, डोळ्याला दिसणारही नाही इतका. तो बघायला हे बल्ब. त्यावरून तो कुठून आला ते उलटं मोजता येतं."

"म्हणजे आमच्या भाऊजींच्या बससारखा," बेडक्या म्हणाला. "मधल्या कुठल्याच थांब्यावर थांबायचं नाही."

सर मनापासून हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "आता नीट ऐका. या बल्बांच्या आत काहीही नाही, हवासुद्धा नाही. एक फुटला तर पाणी आत घुसतं ते घणाचा घाव बसावा तसं. त्या धक्क्याने शेजारचा फुटतो, त्याच्या धक्क्याने त्याच्या शेजारचा. आणि तुम्ही मधोमध असाल. म्हणून चाकू, पक्कड, धारदार काही खाली न्यायचं नाही. आणि काही अडकलं तर ओढायचं नाही."

काम तसं साधं होतं. बल्बांच्या मागून जाणाऱ्या तारांचा जुडगा एका बाजूने भिंतीपासून सुटला होता आणि बल्बांना घासत होता. टाकी रिकामी करून पुन्हा भरायची म्हणजे कित्येक महिने प्रयोग बंद. त्यापेक्षा पाणबुड्याने आत जाऊन तो पट्ट्यांनी बांधावा, असं ठरलं होतं. तेवढे दिवस बल्बांची वीज बंद आणि टाकीत दिवे चालू.

काम संपत आलं त्या सकाळी अडचण आली. नियमाप्रमाणे एक पाणबुडा खाली असेल तर दुसरा वर तयार हवा. तो दुसरा होता एक जोडीदार, बेडक्याबरोबर धरणांवर काम केलेला. तो नाक चोंदलेलं, डोळे सुजलेले असा येऊन बसला. सर्दीत खाली जाणं म्हणजे कान फोडून घेणंच.

"आज राहू दे," ताई म्हणाली.

"अगं एकच पट्टी राहिलीय," बेडक्या म्हणाला. "चहा थंड व्हायच्या आत वर येतो."

"आणि लागलंच कुणी तर?"

"तू आहेस की. चढव पोशाख नावापुरता."

ताईने कुरकुर केली, पण पोशाख चढवला. हवेची टाकी शेजारी उभी करून ठेवली. नंतर कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, तेव्हाच पाय आपटून नाही म्हणायला हवं होतं.

बेडक्या खाली गेला. नळीबरोबरच फोनची तार होती, तिच्यातून त्याचा श्वास वरच्या पेटीत ऐकू येत होता. संथ, एकसारखा. ताईच्या हातातून नळी सरकत राहिली. मग बोगद्याकडचं दार धाडकन उघडलं आणि सरांची एक तरुण सहकारी धावत आली. ताई आणि बेडक्या तिला आपसात चष्मेवाली म्हणत.

"सर, भडका उडालाय! दक्षिणेच्या आकाशात, आपण ज्या आकाशगंगेवर डोळा ठेवून होतो तिचाच. सगळ्या दुर्बिणींचे निरोप आलेत. एवढा मोठा आजवर कुणी पाहिलेला नाही. आणि ती आत्ता आपल्या पायांखाली आहे, पृथ्वीच्या पलीकडे. आपल्याला हवी तिथेच, बाकी सगळं पृथ्वी गाळून टाकते!"

सरांनी टेबलाचा कोपरा घट्ट धरला. वैश्विक किरणांचे कारखाने म्हणून ज्यांच्यावर संशय, त्यांतलाच एक पेटला होता, आणि त्यांचे सगळे डोळे मिटलेले होते.

"किती वेळ टिकेल?" त्यांनी विचारलं.

"काही दिवस. की काही तास. कोण सांगणार?" चष्मेवाली ताईकडे वळली. "ताई, अजून किती वेळ लागेल हो?"

ताईने उत्तर द्यायच्या आत पेटीतून बेडक्याचा आवाज आला. फोन उघडाच होता, त्याने सगळं ऐकलं होतं. "झालंच म्हणून सांगा सरांना. आवरतो पटापट."

"पटापट काही नको," ताई ओरडली. "आहे तसंच चालू दे."

पण श्वास बदलला होता. आखूड, घाईचा. ताईच्या हातातली नळी आधी भरकन सरकली आणि मग एकाएकी थांबली. पेटीतून काहीतरी खडखडल्याचा आवाज, मग शांतता, मग बेडक्याचा आवाज अगदी खाली उतरलेला.

"ताई. नळी ओढू नकोस."

"काय झालं?"

"वळताना एका बल्बाच्या मानेत नळीचा वेढा पडला. हिसका बसला आणि बल्बाचं कडं तुटलं. बल्ब सुटलाय. आत पोकळ ना गं, वर उसळी मारतोय. माझ्याच नळीने त्याला खाली धरून ठेवलंय. मी सांगाडा पकडून नळी ताणून धरलीय. हात सोडला तर हा वरच्या ओळीवर जाऊन आदळणार."

चष्मेवालीने तोंडावर हात दाबला.

"हवा?" ताईने विचारलं.

"नळी मुडपलीय. येतेय, पण कमी कमी येतेय."

"पाठीवरची बाटली?"

"आहे. पण ती लावून निघायचं तर नळी सोडावी लागेल. नळी सोडली की बल्ब सुटला."

सगळं तिथेच येऊन थांबत होतं. तिथे आणखी दोन हात हवे होते. जोडीदार उठला आणि आपला पोशाख ओढायला लागला. त्याचा श्वास नाकातून घरघरत होता.

"तू बस," ताई म्हणाली. "तू वाटेतच दुखण्याने बेशुद्ध पडशील, मग दोघांना काढायचं मला. ही नळी धर. तो सांगेल तेव्हा हवा बंद करायची."

"आणि तुझा कान?"

"माझा कान मी बघते."

आता तिच्या कमरेची दोरी धरायला पाण्याच्या कामातलं कुणी उरलं नव्हतं. सर पुढे आले आणि त्यांनी दोरीचं टोक हातात घेतलं.

"सांगा काय करायचं."

ताईने हवेची टाकी पाठीवर चढवता चढवता सांगितलं, "मी जाईन तशी सोडायची. एक झटका म्हणजे ठीक आहे. लागोपाठ झटके दिले तर वर घ्यायचं. एरवी काही झालं तरी ओढायचं नाही."

"ओढायचं नाही," सर म्हणाले.

पाणी थंड होतं आणि त्यात काहीच नव्हतं. ना गाळ, ना मासा, ना वास. आपण पोहत नाही, हवेत लोंबतोय असं ताईला वाटलं. थोडं खाली जाताच कान दुखायला लागला. तिने नाक दाबून कान मोकळा करायचा प्रयत्न केला. उजवा सुटला, डावा सुटेना. थांबायला हवं होतं, पण थांबायला वेळ नव्हता. ती दात आवळून जात राहिली. कानात कुणीतरी सुई फिरवत होतं. मग आत काहीतरी फटकन फाटलं, थंड पाणी डोक्यात शिरल्यासारखं झालं आणि सगळी टाकी गरगर फिरली. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. तिने डोळे एका बल्बावर रोखून धरले. तो हळूहळू जागेवर आला, तशी बाकीची भिंतही आली. ताईने दोरीला एक झटका दिला. ठीक आहे. तसं काहीच ठीक नव्हतं.

बेडक्या भिंतीला पालीसारखा चिकटून होता. मुखवट्याच्या काचेमागे त्याचे डोळे विस्फारलेले होते. त्याच्या डोक्यावर तो सुटलेला बल्ब नळीच्या वेढ्यात तिरका अडकून थरथरत होता, आणि वरच्या ओळीतला बल्ब त्याच्यापासून वीतभरच दूर होता.

ताईने बल्बाला मिठी मारली. गुळगुळीत काच छातीशी धरून ती पाय सांगाड्यात अडकवून लटकली. बल्बाची उसळी तिच्या कल्पनेपेक्षा जोरदार होती. अंगावर घेतलेलं दांडगं पोर सुटायला बघावं, तसा तो वर ओढत होता. आता भावाला मोकळं करता येत होतं, पण मग ती स्वतः अडकणार होती. बांधायला काहीतरी हवं होतं. नळी जाड, तिची गाठ बसत नाही. पट्ट्या बेडक्याच्या हातून केव्हाच तळाशी गेल्या होत्या. राहिली तिच्याच कमरेची दोरी.

एका हाताने तिने कमरेची गाठ सोडली. दोरी बल्बाच्या मानेतून घेतली, खालच्या दांड्याला वेढे दिले, पुन्हा मानेतून घेतली. बाबांनी शिकवलेली गाठ. ओली झाली की आणखी आवळते. गाठ बसली. आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, की या दोरीचं दुसरं टोक अजून वर सरांच्या हातात आहे. कापायला चाकू नाही. सरांना कळवायला दुसरी वाट नाही. बेडक्याला सांगावं तर तिच्या तोंडात हवेची नळी, शब्द फुटणार कसा. वर दोरी एकदम ताठ झालेली जाणवली असणार. माणूस बुडतोय असं वाटून सरांनी एकदा जरी खेचलं, तरी बल्ब थेट वरच्या ओळीत जाणार होता.

तिने बेडक्याला वर जायची खूण केली. त्याने मान हलवली, तिच्याकडे बोट केलं, आधी तू. ताईने त्याच्या खांद्यावर सणसणीत गुद्दा मारला. पाण्यात गुद्द्याला जोर नसतो, पण थोरल्या बहिणीचा गुद्दा त्याला ओळखीचा होता. तो फोनमध्ये काहीतरी बोलला, बाटलीची चावी फिरवली, नळीचा सांधा सोडला आणि वर निघाला. वेढा सैल पडला. बल्ब एक बोटभर उसळला, दोरीला लागला, थांबला.

ताईने हळूहळू मिठी सोडली. आधी एक हात, मग दुसरा. गाठीने धरलं.

वर जाताना घाई करता येत नाही, छातीला धोका असतो. तिला तर वर कोणतं तेच नीट कळत नव्हतं. ती आपल्याच बुडबुड्यांच्या मागे मागे गेली. सगळा वेळ तिची नजर शेजारच्या त्या दोरीवर होती. कुठल्याही क्षणी ती हिसकली जाईल आणि मग खालून पहिला धडाका येईल. दोरी ताठ होती, पण हलत नव्हती.

नुकत्याच वर पोचलेल्या बेडक्याने आणि जोडीदाराने तिला काखेत धरून वर ओढलं. सर चौकोनी तोंडाच्या काठाशी गुडघ्यांवर बसलेले होते, दोरी दोन्ही मुठींत, चेहरा पांढराफटक. चष्मेवाली त्यांच्या शेजारी हमसून हमसून रडत होती.

"मी सांगत होते त्यांना, ओढा, ओढा, ताईंना काहीतरी झालंय," ती म्हणाली. "ऐकेचनात!"

"तुम्ही सांगितलं होतं," सर ताईला म्हणाले. "पण दोरी जड झाली तेव्हा मला वाटलं, संपलं. देवाशपथ सांगतो, एवढं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं."

"सोडा आता," ताई म्हणाली. "सैल सोडा. खाली बल्ब बांधलाय."

सरांची बोटं एकेक करून उघडावी लागली.

ताईला उलट्या सुरू झाल्या, डाव्या कानातून रक्त आलं. तिला गाडीत घालताना चष्मेवालीने सरांना हळूच विचारलं, की बल्ब तर बांधलेला आहे, मग झाकण लावून आत्ता सुरू करता येणार नाही का. या भडक्याची सरांनी उभी हयात वाट पाहिली होती, आणि पुढच्या वर्षी ते इथे नसणार होते.

"नाही," ते म्हणाले. "एका दोरीच्या भरवशावर वीज सोडणार नाही. ती दोरी कुणी कशी बांधली ते मला ठाऊक आहे. आधी तिथे पक्कं कडं बसवायचं."

त्यासाठी बाहेरून चार पाणबुडे आले, दोघं खाली, दोघं वर, सगळं रीतसर. तोवर भडका उतरणीला लागला होता. टाकी पुन्हा अंधारात गेली, बल्ब जागे झाले, आणि सगळे वाट बघत बसले.

ताईचा कान गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच गेला. घरी नवरा उजव्या बाजूला बसून बोलायला शिकला. भांडण झालं की मुद्दाम डावीकडे जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "आता बोलतो मनातलं." बेडक्या मात्र बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. शेवटी बहिणीच्या स्वयंपाकघरात उभं राहून एकदा भडाभडा बोललाच.

"तू का उतरलीस? मी धरून ठेवलं असतं. कुणीतरी आलं असतं."

"कोण आलं असतं?"

"मी घाई केली," तो म्हणाला. "ती पोरगी एवढी धावत आली, मला वाटलं, आपल्यामुळे यांचं राहायला नको."

"मला ठाऊक आहे. ऐकलं होतं मी तुझ्या श्वासात." ताईने त्याच्यापुढे चहा सरकवला. "आणि सर्दीवाल्याला पाहूनसुद्धा मी तुला जाऊ दिलं. आता पी."

त्यानंतर बेडक्याने पाण्याखालचं काम सोडलं नाही, पण वर दुसरा तयार पाणबुडा नसेल तर तो पोशाखाला हात लावत नाही. कुणी भरीला घातलं, तरी नाही.

चष्मेवाली ताईच्या घरी आली ती पुढच्या हंगामात, सरांच्या निरोप समारंभाचं आमंत्रण घेऊन. उजवीकडे बसली. म्हणाली, "एक मिळाला, ताई. भडका विझत असताना. खालून आला, पृथ्वी ओलांडून, भरपूर जोराचा. मागे रेघ ओढली तर त्याच आकाशगंगेजवळून जाते."

"म्हणजे कळलं, कुठून येतात ते किरण?"

"नाही." तिने चष्मा काढून पुसला. "एकावरून नाही सांगता येत. योगायोगही असू शकतो. दुसऱ्या ठिकाणच्या लोकांकडे समुद्रात, बर्फात मोठी यंत्रं आहेत, त्यांनाही थोडे मिळालेत. सगळ्यांचं एकत्र मांडलं तर संशय बळावतो, एवढंच. आपण पहिल्या दिवसापासून चालू असतो तर कदाचित..." तिने जीभ चावली. "तसं म्हणायचं नव्हतं मला."

"म्हण की. खरंच आहे ते."

"सर म्हणतात, एक पुरे. म्हणतात, रिकाम्या हाताने गेलो नाही."

ताई समारंभाला गेली. गर्दीत तिला कुणाचं फारसं काही कळलं नाही. एका कानाने घोळक्यातलं बोलणं निवडता येत नाही. भाषणं संपल्यावर सर तिला शोधत आले आणि विचारून, बरोबर उजव्या बाजूला उभे राहिले. दोघं बराच वेळ बोलत होते, बहुतेक तिच्या वडिलांबद्दल आणि धरणांच्या दरवाजांबद्दल. सरांना ती गाठ शिकून घ्यायची होती. ताईने पडद्याची दोरी सोडवली आणि खुर्चीच्या पाठीवर त्यांना ती दाखवली. पहिल्या खेपेला सरांची सुटली.